जुना चित्रपट पारखताना : नव्या प्रेक्षकासाठी काही पायऱ्या

जुन्या मराठी चित्रपटांविषयी आपल्याकडे दोनच सुरांत बोलले जाते. एक सूर हात जोडणारा असतो. पडद्यावर प्रभात फिल्म कंपनीची तुतारी वाजली की त्याला पुढचे सगळेच बावनकशी वाटू लागते. दुसरा नाक मुरडणारा असतो. त्याला कृष्णधवल चित्र, लांबलेली गाणी आणि नाटकी संवाद यांपलीकडे काही दिसतच नाही. खरे तर या दोघांनाही चित्रपट पाहण्याची गरज नसते, कारण मत आधीच ठरलेले असते. ज्यांना प्रत्यक्ष पाहायचे आहे, आवडले तर का आवडले आणि खटकले तर नेमके काय खटकले हे नीट सांगायचे आहे, अशांसाठी हा लेख लिहिला आहे. त्यातील मुख्य आग्रह एवढाच की जुन्या कलाकृतीत दिसलेला दोष कोणाच्या खाती मांडायचा हे आधी ठरवावे: हाती आलेल्या प्रतीच्या, त्या काळच्या यंत्रांच्या, त्या काळच्या रिवाजाच्या, की तो चित्रपट करणाऱ्यांच्या. चारही खाती एकत्र झाली की टीका अन्यायाची होते आणि स्तुतीही पोकळ होते.

पायरी पहिली : सर्वांत जुन्यापासून सुरुवात करू नये

दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून आरंभ करून क्रमाने पुढे येण्याचा संकल्प पुष्कळजण करतात आणि तिसऱ्या-चौथ्या चित्रपटापाशी तो सोडून देतात. कालक्रम अभ्यासकाला सोयीचा असतो, नवख्याला नाही. त्यापेक्षा ज्याची भाषा आणि वेग आपल्या ओळखीचा आहे अशा चित्रपटापासून मागे जात राहावे. माझ्या मते जब्बार पटेल यांचा ‘सामना’ (१९७४) हा पहिला चित्रपट म्हणून उत्तम आहे. त्यातले गाव, साखर कारखाना आणि सत्ता यांचे नाते आजच्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. त्यानंतर राजा परांजपे यांचा ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०), मग ‘श्यामची आई’ (१९५३), मग प्रभातचे ‘माणूस’ (१९३९), ‘कुंकू’ (१९३७) आणि ‘संत तुकाराम’ (१९३६), आणि शेवटी मूकपट, असा उतरता क्रम ठेवला तर प्रत्येक टप्प्यावर एकाच नव्या गोष्टीशी जुळवून घ्यावे लागते.

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) मी मुद्दामच यादीत घेतलेला नाही. तो बहुतेकांनी पाहिलेला असतो, निम्मे संवाद तोंडपाठ असतात, आणि नेमकी तीच अडचण आहे. ज्याची वाक्ये आपण रोजच्या बोलण्यात वापरतो त्या चित्रपटाकडे पारखून पाहणे फार कठीण जाते. त्याच्याकडे सरावानंतर वळावे.

पायरी दुसरी : आधी प्रत तपासावी

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून सगळे तो गाळतात आणि पुढचा निम्मा गैरसमज येथेच जन्माला येतो. जुन्या बोलपटांची चौकट जवळजवळ चौरस असे. घरचा दूरचित्रवाणी संच रुंद असल्यामुळे अनेक ठिकाणी ते चित्र आडवे ताणून दाखवले जाते. माणसे बुटकी आणि फुगलेली दिसतात, आणि प्रेक्षक म्हणतो की छायाचित्रण भोंगळ आहे. काही ठिकाणी त्याउलट चौकटीचा वरचा आणि खालचा भाग कापून टाकतात, मग पागोट्यांचे शेंडे छाटले जातात आणि जमिनीवर बसलेल्या माणसांचे पाय नाहीसे होतात. याची परीक्षा सोपी आहे. चित्रात एखादी गोल वस्तू शोधावी. ‘कुंकू’मध्ये घरातले जुने घड्याळ वारंवार दिसते, त्याची तबकडी गोल दिसत नसेल तर आधी संचाची मांडणी बदलावी आणि मगच पुढे पाहावे.

दुसरी तपासणी लांबीची करावी. दूरचित्रवाहिन्यांवर दाखवण्यासाठी चित्रपट कापले गेले, आणि कात्री बहुधा गाण्यांच्या कडव्यांवर व संथ प्रसंगांवर चालली. एखादे पात्र अचानक नाहीसे होत असेल किंवा प्रसंग मध्येच तुटत असेल, तर पटकथेला दोष देण्यापूर्वी दुसरी प्रत पाहावी. मूकपटांच्या बाबतीत वेगही पाहावा लागतो. त्या काळी हाताने कॅमेरा फिरवून सेकंदाला सुमारे सोळा ते अठरा चौकटी टिपल्या जात, आणि बोलपटाचा ठरलेला वेग चोवीस चौकटींचा आहे. म्हणून चुकीच्या वेगाने दाखवलेल्या मूकपटात राजे-महाराजे तुरुतुरु धावतात. त्यांची ती धांदल फाळक्यांनी केलेली नाही.

आपल्याकडे फारच थोडे वाचले आहे हेही ध्यानात ठेवावे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ साली स्थापन झाले, म्हणजे फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटानंतर अर्ध्या शतकाने; तोवर कितीतरी रिळे ओलाव्याने, हलगर्जीपणाने नाहीतर चांदी काढून घेण्यासाठी संपली होती. जुनी नायट्रेट फिल्म पेटही लवकर घेते. २००३ सालच्या पुण्यातल्या आगीत अशा फिल्मांचा मोठा साठा जळाला. तेव्हा आज दिसणारा ‘राजा हरिश्चंद्र’ हा काही भागच आहे, आणि त्यावरून त्याच्या कथनाविषयी निकाल देणे योग्य होणार नाही.

पायरी तिसरी : पहिल्यांदा काहीही टिपू नये

पहिली बैठक एकसंध असावी. वही, भ्रमणध्वनी, मध्येच माहिती शोधणे, यांतले काहीही जवळ नको. चित्रपट संपल्यावर मात्र लगेच, कोणाशी बोलण्यापूर्वी, आठवतील ते दोन प्रसंग आणि जिथे मन उडाले ते एक ठिकाण लिहून ठेवावे. दुसऱ्या दिवशी फक्त तेवढेच तीन तुकडे पुन्हा पाहावेत. पूर्ण चित्रपट दुसऱ्यांदा पाहण्याची नवख्याला गरज नाही.

पायरी चौथी : अभिनय ‘नाटकी’ म्हणण्यापूर्वी

जुन्या चित्रपटांवरचा सर्वांत सार्वत्रिक आक्षेप हा, आणि सर्वांत कमी तपासला जाणाराही हाच. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला तेव्हा पडद्यावर बोलावे कसे याचा नमुना कोणापुढेच नव्हता. जवळ होती ती संगीत नाटकाची परंपरा. हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे तिथूनच आले होते. गाणी चित्रणाबरोबरच मुद्रित होत, गाणाऱ्या नटाला ध्वनिक्षेपकाच्या टप्प्यात राहावे लागे, वादक चौकटीच्या बाहेर बसलेले असत. अशा स्थितीत पात्रे एका जागी खिळून स्पष्ट उच्चारांत बोलतात याचे बरेचसे श्रेय, किंवा दोष, यंत्राकडे जातो.

पण म्हणून सगळेच माफ करायचे असे नाही. एकाच चित्रपटातील दोन नटांची तुलना केली की यंत्राचे खाते आणि नटाचे खाते वेगळे करता येते, कारण दोघांना साधने सारखीच मिळालेली असतात. यासाठी ‘संत तुकाराम’ इतका चांगला धडा दुसरा नाही. विष्णुपंत पागनीस हे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट होते. त्यांच्या तुकारामाच्या देहबोलीत जो मऊपणा आहे, बोलताना मान किंचित कलते आणि हात कधीही आक्रमक होत नाहीत, त्यात त्या तालमीचा वाटा आहे असे मला वाटते. ते अभंग म्हणतात तेव्हा गाणे सुरू झाले हे काही क्षण कळतही नाही. बोलता बोलताच आवाज वर चढतो. याच्या शेजारी सालोमालो पाहावा. तो तुकारामाचेच अभंग आपल्या नावावर खपवणारा ढोंगी, आणि त्याचे गाणे ताना-मुरक्यांनी भरलेले, समोरच्यांकडे दाद मागणारे. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल यांनी रंगभूमीची शैली येथे ढोंग्याच्या अंगाला चिकटवली आहे. म्हणजे १९३६ साली प्रभातला ‘नाटकी’ आणि ‘साधे’ यांतला भेद पुरता ठाऊक होता आणि त्यांनी तो अर्थासाठी वापरला. हे एकदा दिसले की ‘जुने नट नाटकीच असत’ हे सरसकट वाक्य तोंडातून निघत नाही.

याच चित्रपटात तिसरा धागा गौरी यांनी केलेल्या आवलीचा आहे, आणि माझ्या लेखी तोच सर्वांत मोठा गुण. नवरा देवाच्या नादात, घरात दाणा नाही, पदरात पोरे, आणि गोठ्यात म्हैस. पोर आजारी पडल्यावर ती थेट देवळात जाऊन विठोबालाच धारेवर धरते. संतपटात देवाला शिव्या देणारी बायको हास्यास्पद किंवा खलनायिका करणे सोपे होते. येथे तिची बाजू खरी आहे हे प्रेक्षकाला पटते आणि तरीही तुकाराम खोटा ठरत नाही. उलट सालोमालोच्या बाबतीत चित्रपट कमी पडतो: त्याच्या द्वेषाला मत्सरापलीकडे कारणच नाही, त्यामुळे त्याचे डाव पुढे पुढे यांत्रिक होत जातात. शिवाजीला पकडायला आलेल्या शिपायांना कीर्तनातला प्रत्येक माणूस शिवाजीच दिसतो, त्यासारख्या चमत्कारांविषयी मात्र मी तक्रार करणार नाही. ती कॅमेऱ्याची करामत आज साधी वाटली तरी तो प्रसंग श्रद्धेच्या तर्काने चालतो आणि त्या तर्काला चित्रपट शेवटपर्यंत इमान राखतो. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली या चित्रपटाचा गौरव झाला ही गोष्ट सगळे सांगतात; तिथल्या प्रेक्षकांना वारकरी संप्रदाय ठाऊक असण्याचे कारण नव्हते, तरी त्यांच्यापर्यंत काय पोचले असेल याचा विचार केला तर उत्तर बहुधा आवलीपाशी सापडेल.

पायरी पाचवी : ‘त्या काळी तसेच असे’ हे वाक्य पडताळून पाहावे

जुन्या चित्रपटाच्या बचावासाठी हे वाक्य हटकून वापरले जाते. ते कधी खरे असते, कधी नुसती पळवाट असते. पडताळणीचा मार्ग असा की त्याच काळातली, त्याच विषयावरची किंवा त्याच दिग्दर्शकाची दुसरी कृती शेजारी ठेवावी.

‘कुंकू’ घेऊ. व्ही. शांताराम यांनी ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून हा चित्रपट केला. फसवून काकासाहेब या म्हाताऱ्या विधुराशी लग्न लावून दिलेली नीरा त्याची बायको म्हणून राहण्यास साफ नकार देते. विषय नवा होता का? नव्हता. जरठ-कुमारी विवाहावरचे गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ पासून रंगभूमीवर होते. पण शारदेची सुटका ऐन लग्नघटकेला होते. वर-वधू सगोत्र निघतात आणि विवाह मोडतो. शांतारामांनी लग्न होऊ दिले आणि त्यानंतर त्या मुलीने करायचे काय, हा प्रश्न घरात आणून ठेवला. ‘शारदे’च्या शेजारी ठेवल्यावर ‘कुंकू’चे धाडस नेमके कुठे आहे ते दिसते: नकार दोन-तीन प्रसंगांपुरता नाही, तो रोजच्या संसारात, स्वयंपाकघरापासून माजघरापर्यंत चालू राहतो. शांता आपटे यांनी नीरेला रडवेले केलेले नाही. सावत्र मुलगा वावगे वागतो तेव्हा ती त्याला छडीने झोडपते.

तंत्राच्या बाजूने पाहायचे तर या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. जे काही ऐकू येते ते त्या घरातले, त्या रस्त्यावरचे. कोणत्याही एका भांडणाचा प्रसंग डोळे मिटून ऐकावा. भांडण थांबल्यावर उरणारी शांतता किती जड आहे ते कळेल. आज सारंगी किंवा व्हायोलिन लावून जे सांगितले जाते ते येथे घड्याळाच्या टोल्यांवर सोपवले आहे. मात्र घड्याळ आणि म्हातारा काकासाहेब यांची सांगड एकदा कळल्यावरही दिग्दर्शक ती पुन्हा पुन्हा समजावतो. शांतारामांची ही जुनी खोड आहे. प्रतीक सापडले की ते प्रेक्षकाच्या गळी उतरेपर्यंत त्यांना चैन पडत नाही.

आता शेवट. काकासाहेबाला उपरती होते, तो नीरेला मोकळे करतो आणि स्वतःचे आयुष्य संपवतो. केशवराव दाते यांनी हा बदल इतक्या कसोशीने उभा केला आहे की तो खोटा वाटत नाही, परंतु त्यामुळे एक गोष्ट घडते: जिने सगळा चित्रपटभर निर्णय घेतले, तिच्या वतीने शेवटचा निर्णय दुसराच घेतो. येथे कोणी म्हणेल की त्या काळच्या प्रेक्षकाला दुसरा शेवट चालला नसता. मग त्याच शांतारामांचा दोन वर्षांनंतरचा ‘माणूस’ पाहावा. गणपत हवालदार आणि कोठ्यावरची मैना यांची ही गोष्ट. तिथे ना कोणाच्या पश्चात्तापाने वाट मोकळी होते, ना लग्नाने. मैना तुरुंगात जाते आणि गणपत पुन्हा कामावर रुजू होतो. तेव्हा असा शेवट त्या काळी अशक्य नव्हता. ‘कुंकू’चा शेवट हा करणाऱ्यांच्या खाती मांडावा लागतो आणि मी तो तिथेच मांडतो, दात्यांच्या अभिनयाबद्दल पूर्ण आदर ठेवून.

पायरी सहावी : चित्रपट कशाची निंदा करतो आणि कशावर जगतो

शांतारामांचाच ‘पिंजरा’ (१९७२) हा यासाठी सर्वांत सोयीचा नमुना आहे. आदर्शवादी गुरुजी तमासगिरिणीच्या नादी लागून रसातळाला जातो. १९३० च्या ‘द ब्ल्यू एंजल’ या जर्मन चित्रपटाशी या कथेचे नाते उघड आहे. पुढचा भाग मात्र अस्सल आपला आहे: गावकरी गुरुजी मेला असे समजून त्याचा पुतळा उभारतात आणि जिवंत गुरुजीवर त्याच्याच खुनाचा आरोप येतो. मराठी चित्रपटात यापेक्षा बोचरा उपरोध मला सहज आठवत नाही. पुतळ्याला हार घालणाऱ्या गावाला खरा माणूस ओळखता येत नाही, आणि श्रीराम लागूंचे ते केविलवाणे डोळे हे सगळे पाहत राहतात.

दोष वेगळ्याच ठिकाणी आहे. पटकथेच्या हिशेबी तमाशा म्हणजे विष. पण प्रेक्षक थिएटरात आला तो जगदीश खेबुडकरांच्या लावण्या, राम कदमांची चाल आणि उषा मंगेशकरांचा आवाज यांच्यासाठी. चित्रपट ज्याला पाप म्हणतो त्याच्यावरच त्याचा गल्ला चालतो. हा दुटप्पीपणा एकट्या ‘पिंजरा’चा नाही, अनेक तमाशापटांत तो आहे. म्हणून तमाशापट पाहताना एक प्रश्न विचारावा: फडातल्या बाईला नाचण्याखेरीज स्वतःचे काही म्हणणे आहे का? अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) मध्ये ती आपली हकीकत सांगते, आणि तिथे लावणी हे नुसते आमिष राहत नाही. ‘पिंजरा’तल्या चंद्रकलेला मन आहे हे दिग्दर्शकाला पुष्कळ उशिरा आठवते.

पायरी सातवी : गाणे काढून पाहावे

गाण्यांची संख्या मोजून तक्रार करण्यात अर्थ नाही. मनातल्या मनात गाणे काढून टाकावे आणि कथेला भोक पडते का ते पाहावे. राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’ (१९६४) मधून ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ काढले तर रहस्याचा कणाच निखळतो, कारण ते गाणे पुन्हा ऐकू येण्यावरच संशय उभा आहे. ‘जगाच्या पाठीवर’मधली गदिमा आणि सुधीर फडके यांची गाणी कथानक पुढे नेत नाहीत, तरी ती काढवत नाहीत, तो चित्रपट गाण्यांच्या दोऱ्यातच ओवलेला आहे आणि मधले प्रसंग त्या मानाने सैल आहेत. हा गुण समजावा की उणीव, यावर दोन रसिकांचे एकमत होणे कठीण. मी स्वतः ती उणीव मानतो आणि तरीही तो चित्रपट पुन्हा पाहतो.

पायरी आठवी : जे दाखवलेले नाही तेही पाहावे

‘सामना’त मोटारी, कारखाना सगळे हिंदुराव धोंडे पाटलाच्या मुठीत असते आणि एक दारूडा मास्तर येऊन विचारत सुटतो, ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ विजय तेंडुलकरांच्या पटकथेचे बळ असे की हिंदुराव क्रूर दिसत नाही. निळू फुले त्याला आतिथ्यशील, विनोदी, जवळजवळ लाघवी करतात. तो मास्तरला घरी ठेवून घेतो, खाऊ-पिऊ घालतो, आणि प्रेक्षकालाही तो आवडू लागतो. सत्ता माणसाला कशी विकत घेते हे आपल्यालाच विकत घेऊन दाखवले आहे.

पण ज्याच्या नावाने सारा प्रश्न उभा राहतो तो मारुती कांबळे स्वतः पडद्यावर फार थोडा येतो. तो प्रश्न होऊन राहतो, माणूस होत नाही. स्त्रियांना तर या गोष्टीत जवळपास जागाच नाही. पहिल्या गोष्टीचे समर्थन करता येते: गावाने पुसून टाकलेला माणूस चित्रपटातही पुसट असावा, असा तो हेतू असू शकतो. दुसऱ्या गोष्टीचे समर्थन मला सापडलेले नाही. नव्या प्रेक्षकाने असे प्रश्न निर्धास्त विचारावेत, फक्त उत्तर पडद्यावर शोधावे. ‘आजच्या काळात हे चालणार नाही’ एवढे म्हणून थांबले तर काळाविषयी काही कळते, चित्रपटाविषयी काहीच कळत नाही.

पायरी नववी : मालिकांना वेगळा गज

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळच्या मालिका एका छोट्या स्टुडिओत, दोन-तीन भिंतींच्या घरात, मर्यादित वेळेत चित्रित होत. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरची ‘चिमणराव’ पाहताना दृश्यसौंदर्य शोधणे म्हणजे चहात मीठ शोधण्यासारखे आहे. तिथे पाहायचे ते दिलीप प्रभावळकरांचा भित्रा तोरा, आणि चिमणरावाच्या प्रत्येक फजितीत निमूट उभा राहणारा बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ. त्या जोडीतला विनोद शब्दांपेक्षा वाक्य संपल्यानंतरच्या क्षणभर थांबण्यात आहे.

मालिका सलग पाहू नये, हा माझा आग्रह आहे. आठवड्याला एक भाग पाहणाऱ्यासाठी जी पुनरुक्ती आवश्यक होती ती एका रात्रीत दहा भाग पाहणाऱ्याला असह्य होते. रामानंद सागर यांच्या ‘रामायण’वर (१९८७) संथपणाचा आरोप होतो, एका वाक्यावर दरबारातल्या प्रत्येकाचा चेहरा आळीपाळीने दाखवण्याची तिची सवय आठवड्याच्या अंतराने पाहिली तरी दोषच वाटते, हे कबूल. त्यामानाने बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’चे (१९८८) पारडे राही मासूम रझा यांच्या संवादांमुळे जड आहे: दागिने आणि पडदे तिथेही कृत्रिम आहेत, पण द्यूतसभेत कोण कोणाला काय उत्तर देतो याकडे लक्ष लागले की ते दिसेनासे होतात. नितीश भारद्वाज यांचा कृष्ण मराठी घरांत विशेष कौतुकाचा झाला, त्या कौतुकात आपलेपणाचा भाग किती आणि त्या सावध हसण्याचा किती, हे पुन्हा पाहून ठरवण्यासारखे आहे. १९९९ मध्ये अल्फा मराठीवर (आताची झी मराठी) सुरू झालेल्या ‘आभाळमाया’पासून रोजच्या घरगुती मालिकांचे वळण रुळले, तिचे सुरुवातीचे आणि नंतरचे काही भाग एकापाठोपाठ पाहिले तर ताणलेल्या कथेत पात्रे कशी पातळ होतात ते सहज कळते.

पायरी दहावी : मत लिहिताना

‘अप्रतिम’, ‘अजरामर’, ‘काळाच्या पुढचा’ हे शब्द पहिल्या मसुद्यात आले तर राहू द्यावेत आणि दुसऱ्यात त्यांच्या जागी प्रसंग लिहावा. ‘आवली अप्रतिम आहे’ या वाक्यातून वाचकाला काही मिळत नाही. ‘देवळात विठोबाशी भांडणारी आवली पाहताना आपण देवाच्या बाजूने उरत नाही’ या वाक्याशी त्याला सहमत होता येते किंवा भांडता येते. दोष लिहितानाही तेच. एका चित्रपटाविषयी दोन गुण आणि एक दोष, किंवा उलट, पण प्रत्येकाला एकेक प्रसंग जोडलेला, एवढे पान-दीड पानात बसते.

शेवटी श्रेय तपासून घ्यावे, कारण जुन्या चित्रपटांविषयीच्या चुका एकमेकांच्या लेखांतून उतरत राहतात. ‘संत तुकाराम’ प्रभातचा म्हणून तो शांतारामांच्या नावावर सर्रास टाकला जातो. तो दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला. ‘पाठलाग’ हा ‘मेरा साया’वरून घेतलेला नाही, मराठी चित्रपट १९६४ चा आणि हिंदी १९६६ चा. ‘बनवाबनवी’ मात्र खरोखरच ‘बीवी और मकान’ या १९६६ च्या हिंदी चित्रपटावर बेतलेला आहे, आणि त्याची तुलना करताना हे लपवण्याचे कारण नाही. ‘आधी बीज एकले’ हे तुकोबांचे म्हणून कीर्तनातही गायले जाते. ते शांताराम आठवले यांनी ‘संत तुकाराम’ चित्रपटासाठी लिहिले आणि केशवराव भोळे यांनी त्याला चाल दिली.